दोवला सांगायचं कारण

किर्यात गात
मंगळवार, ४ मार्च २००८

प्रिय युडिथ,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं चालते-फिरते आहोत, तूही तशीच असशील असं धरून लिहिते. फोन केला असता, पण हे फोनशेजारच्या खुर्चीतून उठत नाहीत, आणि लिहायचं आहे ते यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. मराठी पत्राचं बरं असतं. घरात कुणाला वाचता येत नाही.

पेसाहच्या सणाची साफसफाई काढली आहे. एक कपाट झालं की गुडघे म्हणतात, बस. आता पूर्वीसारखं होत नाही गं.

तर गोष्ट तुझ्या गालितची. मागच्या खोलीत राहायला येऊन तिला तिसरं वर्ष लागलं. पोरगी गरीब आहे. फ्याक्टरीच्या पाळ्या करते, येते, जेवते, झोपते. माझी कधी तक्रार नव्हती. अविशायच्या आईकडे, गेउलाकडे, तिच्या लग्नाची गोष्ट मीच काढली ती त्याच भरवशावर. पेसाहनंतर ते साखरपुड्याचं बोलायला येणार आहेत, हे तुला ठाऊकच आहे.

आता ऐक. आमचा यारोन हैफाला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला, तो गालित वापरते. सिनेगॉगमध्ये गब्बाय आहेत ना, दोव, सगळी व्यवस्था बघतात ते, त्यांनी हिवाळ्यात सगळ्यांना समजावलं की घरात इंटरनेट घ्यायचं तर कशेर, धर्माला चालेल असं घ्या. घाणेरडी पानं कंपनीच आधी बंद करून देते. मला पटलं. गावातलं कंपनीचं काम तेच बघतात. चुकून काही बरं पान बंद झालं, तर ज्याच्या नावावर खातं त्याने दोवला कारण सांगायचं, मग ते उघडून देतात.

रविवारी दोवने मला बाजूला घेतलं. म्हणाले, "शुलामितबाई, तुमच्या घरातून कुणीतरी बंद पानावर सारखं दार ठोकतंय."

"कसलं पान?"

त्यांनी जमिनीकडे बघितलं. म्हणाले, "बाईच्या छातीचं."

युडिथ, वर म्हणतात, "मी अजून माझ्या बहिणीला बोललो नाही." त्यांची बहीण म्हणजे गेउला!

घरी येऊन गालितला विचारलं, "काय बघत होतीस?"

"कलूम, दोदा." काही नाही, मावशी. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, हे रोजचंच.

"काही नाही त्याला एवढ्यांदा ठोकतात?"

"दोदा, तुम्ही दोवला सांगून ते पान उघडून घ्या ना."

"आणि कारण काय सांगू?"

त्यावर पोरगी म्हणाली, "कारण सांगावं लागतं, हेच चुकीचं आहे." आणि कामाला गेली.

मी म्हणते, भल्या माणसाला कारण सांगायला कसली लाज? कनेसेतमध्ये गेल्याच आठवड्यात कायद्याचं पहिलं मतदान झालं. पास झाला तर देशातली सगळी घाण कंपन्यांनी आपणहून बंद करायची, आणि ज्या मोठ्या माणसाला उघडी हवी त्याने आपली ओळख पटवून मागायची. सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला पाठिंब्याच्या सह्या मीच गोळा करते आहे. एलातच्या आपल्या बायकांची नावंही पाठव, तुझं पहिलं.

आणि लेकीला समजाव. दोवचं तोंड किती दिवस बंद राहील, सांगता येत नाही.

तुझी बहीण,
शुलामित


एलात
सोमवार, १० मार्च

प्रिय शुलूबाय,

पत्र मिळालं. गालित तशी नाही. तिला काही बोलू नकोस, माझ्या गळ्याची शपथ. जमलं तर ते पान उघडून घे आणि कारण विचारू नकोस, तिलाही नाही, मलाही नाही.

हॉटेलच्या लाँड्रीतून रजा घेतली आहे. ओल्या चादरी वर उचलवत नाहीत, डावा हात भरून येतो. इथे आतापासून उकडायला लागलं. रूती शेजारीण भाजी आणून देते, म्हणून खाली उतरत नाही. बसून बसूनही दमायला होतं.

सह्यांचं मला सांगू नकोस. मी देणार नाही. भल्या माणसाला कसली लाज म्हणतेस, तर बासष्ट साल आठवून बघ. तुझी लग्नाची साडी आणून तयार, आणि रब्बींच्या हापिसात लग्नाच्या परवानगीसाठी आई आजीचं नाव सांगते आहे, मग आजीच्या आईचं, मग तिची आई रेवदंड्याची कोण, कुणाची. शेजारच्या टेबलावर रुमानियाचं जोडपं आलं, सही करून हसत निघून गेलं. त्यांना नाही विचारलं. आपल्यालाच विचारलं. आई वाईट होती म्हणून का? घरी येऊन ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

भावोजींना शालोम.

युडिथ


किर्यात गात
बुधवार, १९ मार्च

प्रिय युडिथ,

उद्या पुरीम, आणि मी गोड करायचं सोडून तुला लिहीत बसले आहे.

तू बासष्ट साल कुठून काढलंस? ते वेगळं होतं. तेव्हा आपल्या यहुदीपणावर शंका घेतली होती. इथे कोण कुणावर शंका घेतंय? मुलंबाळं वाचावीत म्हणून चाललं आहे हे.

कारण न सांगता पान उघडत नाही. मी विचारून बघितलं. दोव म्हणतात, "बाई, माझ्या हातात काय आहे? कंपनी विचारते, मी लिहितो." गालितला मी तुझ्या शपथेखातर काही बोलले नाही. पण ती समोरून गेली की मी तोंड फिरवते. ती हल्ली जेवतही नाही नीट. डोळे सुजलेले. म्हणजे मनात काहीतरी खातंय ना? कुणी दुसरा आहे का? असेल तर आत्ताच सांग. गेउलाला मी काय तोंड दाखवू? अविशाय चांगला मुलगा आहे, बसडेपोत मेकॅनिक आहे, हात काळे पण जीभ गोड. असा पुन्हा मिळायचा नाही.

तेव्हा एक तर तू इथे येऊन तिच्याशी बोल, नाहीतर पेसाहनंतर तिने दुसरी खोली बघावी. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. पण घर माझं आहे आणि शब्द मी दिलेला आहे.

हाताला खोबरेलात कापूर घालून चोळ. रात्री गरम कपड्याने बांध. वय झालं आपलं.

शुलामित


एलात
बुधवार, २६ मार्च

प्रिय शुलूबाय,

खोबरेल चोळून जाणारं नाही. आता लिहिते, बसून वाच.

माझ्या डाव्या बाजूला गाठ आहे. हाताला नाही, छातीत. डिसेंबरात, हनुक्काच्या वेळी आंघोळ करताना लागली. म्हटलं, जाईल. गेली नाही. इथल्या डॉक्टरने सुई घालून बघितलं आणि बेरशेवाला चिठ्ठी दिली. ऑपरेशन करायचं, पूर्ण काढायचं. चिठ्ठी हिब्रूत आहे आणि माझं हिब्रू म्हणजे साबण आणि चादरीपुरतं. म्हणून गालितला फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि म्हटलं, तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे, बघ यात काय लिहिलंय ते. तिला शपथ घातली की मावशीला सांगायचं नाही.

ती बिचारी ज्या पानावर जाईल तिथे बंद म्हणून ते लाल हाताचं चित्र. ज्या शब्दाने माझं दुखणं ओळखतात तोच शब्द तुमच्या कंपनीने घाणीत टाकला आहे. फ्याक्टरीत तिला दुसरं काही बघू देत नाहीत. वाचनालय ती सुटते तोवर बंद. तरी पाळी संपवून बस पकडून अश्केलोनला मैत्रिणीकडे जाते आणि तिथे बघून मला सांगते. जेवत नाही, डोळे सुजलेत म्हणालीस. त्याचं हे कारण.

आणि तुला का नाही सांगितलं? डॉक्टर म्हणाला, काही घरांत हे आईकडून मुलीकडे येतं. गालितचं रक्त तपासायला हवं. शुलूबाय, हे गेउलाच्या कानावर गेलं तर ती पोरीला करून घेईल? तूच सांग. मुलाची आई आहेस. यारोनसाठी अशी मुलगी आली असती तर तू काय म्हटलं असतंस?

मला माझं काही नाही. गालितचा बाप शिमोन गेल्यापासून मी अशीही अर्धीच आहे. पोरीचं लग्न होऊ दे, मग गावभर दवंडी पिटा. तोवर कुणाला कळता कामा नये. दोवला तर नाहीच.

तिला खोलीतून काढू नकोस.

युडिथ


किर्यात गात
शुक्रवार, ४ एप्रिल

माझ्या युडी,

पत्र वाचलं तेव्हा हातात पेसाहची भांडी होती. तशीच ओट्यावर ठेवली आणि गालितच्या खोलीत गेले. ती झोपली होती, फ्याक्टरीचे मोजे पायात तसेच. मी पायाशी बसले. जागी झाली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "इमाने लिहिलं?" आईने लिहिलं का. मी मान हलवली. मग आम्ही दोघी रडलो. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून मराठीत म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते." मला वाटत होतं तिला मराठी बोलताच येत नाही.

आता तू रागावशील की शाबासकी देशील, ठाऊक नाही. पण मी रस्ता काढला. पोरीने रात्रपाळ्या करून अश्केलोनला किती धावायचं? मी दोवकडे गेले आणि कारण सांगून आले.

मी सांगितलं, ते दुखणं मला आहे.

माझ्याच नावावर. शुलामित, ओळखपत्राचा, तेउदात झेउतचा नंबर अमुक, छातीत गाठ, डॉक्टरने वाचायला सांगितलं आहे. दोवचा चेहरा पडला. म्हणाले, "बाई, तुम्ही आधी का नाही बोललात?" दुसऱ्या दिवशी पान उघडलं. गालित आता घरी बसून बघते, मी तिला चहा करून देते. खोटं बोलले, देव मला विचारेल. पण मी म्हातारी, माझी सोयरीक व्हायची नाही. आणि मी दुसऱ्या घरात दिलेली, माझं दुखणं ते यांच्या घरातलं. तुझ्या लेकीला त्याचा डाग कसा लागेल?

फक्त एक झालं. मी दोवला म्हटलं होतं, आपल्यात ठेवा. त्यांनी ठेवलं नाही. वाईट मनाने नाही, उलट. शनिवारी शब्बाथला तोराची पोथी वाचून झाल्यावर आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणतात ना, नाव आणि आईचं नाव घेऊन, त्यात माझं नाव घेतलं. "शुलामित, एलिशेबाची मुलगी." सगळ्या सिनेगॉगमध्ये. बायकांच्या बाजूला सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. यांना काहीच ठाऊक नव्हतं. खाली पुरुषांत उभे होते, तिथेच बाकावर बसले. घरी येताना माझा हात सोडला नाही, आणि सेहेचाळीस वर्षांत यांनी रस्त्यात माझा हात धरलेला नाही. त्यांना खरं सांगावं लागलं. ते बोलायचे नाहीत, त्यांना बोलायला आवडतच नाही.

आता शेजारणी पातेली घेऊन येतात. मोरोक्कोची ती सूप आणते, मीठ नसतं त्यात. मी पडून असल्यासारखं करते आणि त्या गेल्या की उठून कपाटं पुसते. दमले गं. पण प्रार्थना चालू असताना मी डोळे मिटले आणि मनात नाव बदलून घेतलं. आई तर एकच आहे आपली.

एलियाहू हनाबीला नवस बोलले आहे, तू बरी झालीस की पोहे-गूळ-नारळाचा मलिदा करीन, पाचही फळं ठेवून.

तुझी,
शुलूबाय


एलात
रविवार, १३ एप्रिल

प्रिय शुलूबाय,

हे काय करून बसलीस!

तुझा हात मी डोळ्यांना लावते. अशी बहीण कुणाला नसेल. पण तू मला विचारायचं होतंस. यात मावशीही धरतात गं. आईचं जसं बघतात तसंच आईच्या बहिणीचंही बघतात. डॉक्टरने पहिलं हेच विचारलं होतं, तुमच्या आईला, मावशीला, बहिणीला कुणाला? दुसऱ्या घरात दिली म्हणून रक्त बदलत नाही. हे रेशनकार्ड नाही, एका घरातून नाव काढलं आणि दुसऱ्यात घातलं.

आता गेउलाला माझं नाव न कळताच सगळं कळलं आहे. रूतीची मावसबहीण तुमच्या गल्लीत आहे, तिच्याकडून इकडेही आलं. रूती मला विचारते, "तुझ्या मोठ्या बहिणीला काय झालं?" आणि मी माझ्या गाठीवर हात ठेवून तुझ्यासाठी हळहळते. हसू की रडू? दोन्ही केलं.

रागावले नाही. माझ्यात रागवायला जीव नाही. पेसाह झाला की लगेच बेरशेवाची तारीख आहे. रूती सोबत येईल आणि परत घेऊन येईल. मी तुझ्याकडे उतरणार नाही, तुमच्या गावात मला बघितलं तर उरलंसुरलंही जाईल. तूच हॉस्पिटलमध्ये ये. एकटी ये. सूप आणू नकोस.

युडी


किर्यात गात
गुरुवार, १२ जून

माझ्या युडी,

तू एलातला सुखरूप पोहोचलीस हे रूतीने कळवलं. केमोच्या सुया चालू झाल्या की तोंडाची चव जाते म्हणतात, लिंबाचं लोणचं पाठवते आहे, फार खाऊ नकोस. बेरशेवाला तुला त्या पलंगावर बघितलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. तू लहान दिसत होतीस, मुंबईला गोवर झाला होता तेव्हा दिसायचीस तशी.

इथे काय झालं ते सांगते. गालितने लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते.

शावुओतच्या सणाआधी गेउला आली. हातात केक, माझ्या तब्येतीची चौकशी करायला. मी पलंगावर उशीला टेकून. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "शुलामितबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण हे तुमच्या माहेरात आहे का?"

खोटं एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा जीभ उचलेना. तेवढ्यात गालित दारात येऊन उभी राहिली, फ्याक्टरीच्या कपड्यांत. हिब्रूत म्हणाली, "मावशीला काही नाही. माझ्या आईला आहे. तिचं ऑपरेशन झालं. माझी तपासणी व्हायची आहे."

गेउलाने चहा खाली ठेवला. म्हणाली, "मग तपासणीत काय येतं ते आम्हाला कळव. नंतर बघू."

"नाही," गालित म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे ते माझं आहे. अविशायला सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, ते मी ठरवीन. तुम्हाला नाही, दोवना नाही, मावशीला पण नाही."

युडी, मला चपराक बसल्यासारखं झालं. मी तिच्यासाठी एवढं केलं, आणि मला पण नाही? गेउला उठली. दारात म्हणाली, "सणवार होऊ देत, मग बोलू." म्हणजे काय ते तुला कळतं, मला कळतं. त्यानंतर तिचा फोन नाही.

मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी आला. खालच्या बाकावर दोघं पुष्कळ वेळ बसली होती. काय बोलली, ठाऊक नाही. मी खिडकीत गेले होते, पण परत फिरले. तपासणीला बेरशेवाला तोच घेऊन गेला.

मी दोवकडे जाऊन आले. खरं सांगितलं. म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आम्ही चुकीच्या नावाने मागत होतो? यावेळी बहिणीचं घेतो. युडिथ, एलिशेबाची मुलगी." मी म्हटलं, "नका घेऊ. तिला विचारलेलं नाही. देवाला पत्ता ठाऊक आहे." त्यांना ते आवडलं नाही. तू म्हणशील तर घेऊ, नाहीतर नाही.

मग म्हटलं, "सह्यांच्या कागदावरून माझं नाव काढा." तर म्हणाले, "कागद केव्हाच यरुशलायीमला गेले, बाई. नाव दिलं की दिलं." तो कायदा अजून तिथे लोंबकळतोच आहे. होईल की नाही देव जाणे. घाण ती घाण, माझं मत बदललेलं नाही. पण उद्या सगळ्या देशाने असंच कारण सांगत उभं राहायचं, एकेका दोवसमोर, हे काही मला झेपत नाही. कशेर इंटरनेट बंद केलं. मनाला बरं वाटलं असं नाही. केलं.

आज सकाळची गोष्ट. मी भांडी घासत होते. गालितचा मोबाईल वाजला. तिने नंबर बघितला. हॉस्पिटलचा होता. ती स्वयंपाकघराला लागून बाल्कनी आहे ना, तिथे गेली, दार ओढून घेतलं. पण ते दार तुला ठाऊक आहे, नीट लागत नाही. एकेक शब्द आत ऐकू येतो.

कान तिकडे गेले, खोटं कशाला सांगू. पहिला शब्द आलाही, "हो, मीच गालित."

मग मी नळ पूर्ण सोडला. यंदा पाऊस नाही, किनेरेतचं तळं आटलं आहे, रेडिओवर रोज ओरडतात थेंब वाचवा, आणि मी रिकाम्या मोरीत पाणी धो धो सोडून उभी राहिले. वर मोठमोठ्याने तेहिलीमची स्तोत्रं म्हणायला लागले. हे बाहेरून ओरडले, "अगं, पाणी! वेडी झालीस का?" मी ऐकलं नाही असं केलं.

दार उघडलं तेव्हा नळ बंद केला. गालित आत आली. ओट्यावरची पोळी घेतली, उभ्यानेच खाल्ली, पिशवी खांद्याला लावली. जाताना माझ्या ओल्या हातावर हात ठेवला आणि गेली.

मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

तुझी,
शुलूबाय